पित्ताशय काढल्यावर वजन का वाढतं आणि खायचं काय?

तुम्ही विचारलंय की ऑपरेशनला 3 महिने झाले, वजन 4 किलो वाढलं, आता पित्ताशय नाही म्हणून फॅट पचत नाही आणि तेच अंगावर साठतंय का, आणि डाएट काय ठेवू. मी डॉक्टर नाही, कोल्हापुरात बँकेत नोकरी करते, वय 46, माझं पित्ताशय जाऊन अडीच वर्षं झाली. मलाही तेव्हा अगदी हेच वाटायचं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते फॅटचं. फॅट खरंच पचत नसतं तर ते तसंच बाहेर पडलं असतं ना, संडासात तेलकट तवंग दिसला असता आणि वजन उतरलं असतं. तुमचं वाढलंय म्हणजे पचतंय, चांगलं दणकून पचतंय! पित्तरस बनवतं लिव्हर, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, आणि ते तुमचं जागेवरच आहे. पित्ताशय म्हणजे मधली छोटी टाकी, 30 ते 50 मिली मावेल एवढी, त्यात रस घट्ट होऊन थांबायचा आणि तुम्ही तेलकट काही खाल्लं की ती पिचकारी मारायची. आता टाकी काढली पण नळ चालूच आहे, थेंब थेंब आतड्यात उतरत राहतो. म्हणून थोडं थोडं तेल-तूप आरामात पचतं, एकदम वाडगाभर तर्री ओतली की मग पोट बोलतं.

आणि एक गंमत, आपल्याकडे या पित्त शब्दाने फार घोळ केलाय. ॲसिडिटी झाली की पित्त झालं, अंगावर गांधी आल्या की पित्त उठलं, आणि हे लिव्हरचं पित्त ते तिसरंच. माझी जाऊ म्हणाली बरं झालं काढलं, आता तुझा पित्ताचा त्रास कायमचा गेला. कुठला जातोय! ॲसिडिटी पोटातल्या ॲसिडची, तिचा पित्ताशयाशी संबंध नाही, उपाशी राहून चार चहा ढोसले की मला अजून होते.

आता माझं वजन कसं वाढलं ते सांगते, तुमचंही बहुतेक तसंच निघेल. ऑपरेशनच्या वेळी 71 होते, महिन्याभरात साडेसदुसष्टवर आले आणि आठ महिन्यांनी 76! घरात आत्या होत्या, त्यांचं ऑपरेशन ऐंशीच्या दशकातलं, पोटावर ही एवढी चीर (दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ऑपरेशन आपल्याकडे आलंच 1990 ला, मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमटन उडवाडियांनी केलं), त्यामुळे त्यांचं पथ्य पण त्या काळातलं, तूप बंद, तेल बंद, दाणे बंद, खोबरं बंद, आयुष्यभर. मी निमूट ऐकलं. मग खायचं काय, तर 'हलकं'. मऊ भात, साबुदाण्याची खीर, टोस्ट, चहाबरोबर मारी बिस्किटं, भूक लागली की परत मुरमुरे. या सगळ्यात फॅट कमी म्हणून मला वाटायचं मी केवढी पथ्यावर आहे, पण सहा मारी म्हणजे दीड-दोन चपात्यांएवढ्या कॅलरी झाल्या, आणि पोट काय भरत नाही, तासाभरात परत डब्यात हात. त्यात ऑपरेशनआधीचं वर्षभर दुखण्याच्या भीतीने मी निम्मंच जेवत होते, ते दुखणं गेलं आणि भूक दामदुप्पट झाली. चालणं बंद, कारण सगळे म्हणणार आराम कर. यात पित्ताशयाचा काय दोष सांगा.

मग मी काय बदललं. प्रत्येक जेवणात प्रोटीन, म्हणजे सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं, दुपारी घट्ट वरण किंवा उसळ, रात्री मासे, चिकन नाहीतर पनीर. ज्वारीची भाकरी एक, भात मूठभर, पालेभाजी भरपूर. बिस्किटांचा डबा घरातून हद्दपार, मुलगा अजून चिडतो त्यावरून. तेलाचा मात्र मी हिशोब केला, आम्ही चौघं आणि महिन्याला 5 लिटरचा कॅन, म्हणजे माणशी दिवसाला 41 मिली, साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या! तो आणला 3 लिटरवर. पण शून्य नाही केलं आणि तुम्हीही करू नका, ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्स फॅटमधूनच शरीरात जातात आणि शिवाय बिनतेलाची भाजी चार दिवस खाल, पाचव्या दिवशी वडापाववर तुटून पडाल. वरणावर चमचाभर तूप मी रोज घेते. कट घातलेली मिसळ पहिले पाच-सहा महिने झेपली नाही, आता खाते पण कट वेगळा घेऊन, दोन चमचे. पांढरा रस्सा मात्र नारळाच्या दुधाचा, तो रात्री प्यायले की अजूनही सकाळी पळापळ, प्रत्येकाचं असं काही ना काही वेगळं निघतं, तुमचं तुम्हाला वहीत लिहूनच कळेल.

पळापळीवरून आठवलं. काही जणांना ऑपरेशननंतर जेवलं की लगेच जावं लागतं, कारण तो पित्तरस सारखा उतरत राहतो आणि थोडा मोठ्या आतड्यात जाऊन त्रास देतो. मला इसबगोलने फरक पडला, एक चमचा पाण्यातून आणि वर भरपूर पाणी. बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं, लांबलं तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा, पित्तरस बांधून ठेवणारी पावडर मिळते, ती त्यांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

चालायला लागा. टाक्यांवर जोर येईल असं वजन उचलायचं की नाही ते सर्जनना विचारा, पण चालायला बहुधा कोणी नाही म्हणणार नाही. मी रंकाळ्यावर पहिल्यांदा 10 मिनिटं चालले तर धाप लागली होती, आता 45 मिनिटं होतात.

आणि कृपा करून क्रॅश डाएटच्या नादी लागू नका, हे मी पोळलेय म्हणून सांगते. माझे खडे कशाने झाले माहितीये का, म्हणजे डॉक्टरांना तरी तसंच वाटलं, भाचीच्या लग्नासाठी मी दोन महिने ज्यूस आणि सूपवर राहून 9 किलो उतरवले होते. वजन झपाट्याने उतरलं की लिव्हर पित्तरसात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं आणि पोटात फॅटच नाही म्हटल्यावर पित्ताशय आकुंचन पावत नाही, रस साचतो आणि खडे धरतात. आता पित्ताशय नाही मग काय भीती असं म्हणू नका, क्वचित नळीत पण खडा होतो. आठवड्याला अर्धा किलो पुरे. मला 76 वरून 69 ला यायला दहा महिने लागले, मध्ये दिवाळीत दोन किलो परत चढले ते धरून.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद आणि शौच पांढुरकी झाली, थंडी वाजून ताप आला किंवा आधीसारखंच उजव्या बरगडीखाली दुखलं तर मात्र डाएट वगैरे सोडा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, नळीत खडा अडकलेला असू शकतो.

अजून एक, काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवतात, त्याचा बायोप्सी रिपोर्ट नंतर येतो आणि निम्मे लोक तो आणायलाच विसरतात. माझा दीड महिना लॅबमध्ये पडून होता. तुम्ही आणलात का?