वाचकांचे प्रश्न : वाचता येते, मग ऐकलेले का कळत नाही?

प्रश्न : मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. मुलांना धडा वाचून समजतो, पण तसाच सोपा मजकूर मोबाइलवर ऐकवला की काही कळत नाही. शब्द तर ओळखीचे असतात.

उत्तर : ते शब्द डोळ्यांच्या ओळखीचे आहेत, कानांच्या नाहीत. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षर सारख्याच स्पष्टपणे उच्चारतो. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर आघात येतो आणि टू, ऑफ, हॅव, हर असे बारके शब्द मधल्या जागेत चेपले जातात. ‘आय शुड हॅव टोल्ड हर’ हे वाक्य कानावर ‘आय शुडव् टोल्डर’ असे पडते. मुले ‘हॅव’ची वाट पाहतात, तोवर पुढचे वाक्य निघून जाते.

यावर श्रुतलेखनाइतका चांगला उपाय नाही. मात्र शब्द तोडून, सावकाश सांगायचे नेहमीचे श्रुतलेखन नको. त्यात नेमकी हीच अडचण झाकली जाते. नेहमीच्या वेगातला ३० ते ४० सेकंदांचा तुकडा घ्या. बीबीसी लर्निंग इंग्लिशच्या ‘सिक्स मिनिट इंग्लिश’चे भाग लेखी संहितेसह मिळतात, त्यातला अर्धा मिनिट पुरे. आधी काहीही न लिहिता पूर्ण ऐकवा. मग प्रत्येक वाक्यानंतर थांबवत तीनदा लावा. जे ऐकू आले नाही तिथे मुलांनी रेघ मारावी, अंदाजाने शब्द भरू नये. त्यानंतर संहिता दाखवा आणि एकेका रेघेचे कारण शोधा : शब्दच नवा होता, ओळखीचा असून सुटला, की दोन शब्द जोडले गेल्याने कळला नाही? ‘ॲन ॲपल’चे ‘अनॅपल’ होते, तसे. उरलेली दोन मिनिटे सुटलेलीच वाक्ये ध्वनीबरोबर म्हणून घ्या. जे तोंडात बसते ते कानालाही लवकर सापडते.

आठवड्यातून तीनदा १५ मिनिटे द्या. एकदाच तासभर ऐकवण्यापेक्षा हे बरे. पडद्यावर पहिल्यापासून उपशीर्षके ठेवू नका. मुले वाचू लागतात आणि ऐकणे राहून जाते.

प्रश्न : बोलायला उभे केले की मुले दोन वाक्यांत थांबतात. वर्गात ५० जण आहेत, प्रत्येकाची पाळी कशी येणार?

उत्तर : एकेकाला उभे करणे सोडा, जोड्या करा. इंग्रजी अध्यापनात ‘४-३-२’ नावाची पद्धत आहे : तोच विषय पहिल्या श्रोत्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायचा. आठवीला चार मिनिटे झेपत नाहीत. दोन, दीड आणि एक मिनिट ठेवा. विषय घरचा असावा, जसे गावची जत्रा किंवा भाकरी कशी करतात. तयारीला दोन मिनिटे आणि चिठ्ठीवर फक्त पाच शब्द. पूर्ण वाक्ये लिहू दिलीत तर पाठांतर सुरू होते. काय सांगायचे हे पहिल्या फेरीत ठरून जाते, म्हणून पुढच्या फेऱ्यांत सगळे लक्ष भाषेकडे देता येते.

एक धोका आहे. पहिल्या फेरीतली चूक पुढेही जशीच्या तशी येते. म्हणून मुले बोलत असताना टोकू नका, फिरत टिपून घ्या आणि पहिल्या फेरीनंतर मिनिटभर थांबून एकच चूक फळ्यावर सुधारा. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ बहुतेक वर्गांत सापडेलच. वर्गात गलका होईल, तो होऊ द्या.

प्रश्न : मुलगी रोज दहा शब्द अर्थासह पाठ करते, आठवड्यात विसरते.

उत्तर : दहा जास्त होतात, पाच घ्या. शब्द एकटा नको, सोबतीसह हवा : ‘मेक अ मिस्टेक’, ‘डू होमवर्क’. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मराठी वाचून इंग्रजी मोठ्याने म्हणायचे, मगच कार्ड उलटायचे. उजळणी १, ३, ७ आणि २१ व्या दिवशी. चुकलेले कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर.

मिळत्याजुळत्या किंवा विरुद्ध अर्थाच्या नव्या शब्दांची जोडी एकाच दिवशी देऊ नका. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ एकत्र शिकवले की कोणता घेण्याचा आणि कोणता देण्याचा, हा गोंधळ पुढे बरेच दिवस सुटत नाही. ‘बॉरो’ पक्का झाल्यावरच ‘लेंड’ द्या.