विहिरीआधी तो हप्ता थांबवा

बार्शी तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 36, तीन एकर शेती, पाठचे दोन भाऊ, घरात आई, पत्नी, दोन मुलं. ठेकेदाराने वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर बांधकामासह साडेतीन लाखांत सांगितली आहे. ते विचारतात, 'आम्ही तिघा भावांनी उन्हाळ्यात हातानेच पाडली तर दीड लाख वाचतील ना?' आणि शेवटी जाता जाता लिहितात, 'पैशांची सोय आहे. सौभाग्यवतींचे दागिने तारण ठेवून दोन लाख काढतोय, 12 टक्क्यांनी. त्यातले साठ हजार विम्याच्या हप्त्याला जातील. पाच वर्षांत दुप्पट होणारी स्कीम आहे, दोन हप्ते भरून झालेत.'

विहिरीचं आधी उरकतो. तुमची विहीर साधारण सव्वाशे ब्रासची (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). वरचा पंधरा फूट मुरूम तुम्ही काढाल, म्हणजे पंचेचाळीस-सत्तेचाळीस ब्रास. खाली कातळ लागला की कुदळ चालत नाही. तिथे यारी (दगड वर ओढणारं यंत्र), कॉम्प्रेसर आणि परवानाधारक माणसाकडून सुरुंग हाच मार्ग. ठेकेदाराचा मुरुमाचा दर तुम्हीच हजार रुपये ब्रास लिहिलाय. म्हणजे वाचणार पंचेचाळीस हजार, दीड लाख नाही. तिघांनी दिवसाला एक ब्रास काढला तरी दीड महिना गेला. पाचशेच्या रोजाने तिघांची मजुरी त्याहून जास्त होते. हाताला दुसरं काम नसेल तरच यात पडा. आणि एक ढेकूळही हलवण्याआधी ग्रामपंचायतीत सिंचन विहिरीच्या अनुदानाची चौकशी करा. मंजुरीआधी सुरू केलेली विहीर अनुदानात बसत नाही.

आता त्या 'स्कीम'कडे येतो. पाच वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला जवळजवळ पंधरा टक्के लागतात. हमीची कुठलीही विमा पॉलिसी एवढं देत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दुसऱ्या पानावर स्पष्ट छापलंय: हप्ते 12 वर्षं, मुदत 15 वर्षं, शेवटी अंदाजे अकरा लाख. भरणार सव्वासात लाखांच्या आसपास. परतावा पडतो साडेचार टक्के. पीककर्जाच्या सहीसाठी गेलेल्या शेतकऱ्याच्या गळ्यात 'ही एफडीच समजा' म्हणून हे मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. 12 टक्क्यांनी पैसे उचलून साडेचार टक्क्यांत घालताय, तेही पत्नीच्या अंगावरचं सोनं ठेवून!

तिसरा हप्ता भरू नका. शाखेत लेखी अर्ज द्या आणि दोन आकडे लेखी मागा: पॉलिसी आज मोडली तर हातात किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर मुदतीअखेर किती. मोडल्यावर भरलेले एक लाख वीस हजार पूर्ण परत येणार नाहीत. तो तोटा झालेला आहे, तो वसूल करायला आणखी सहा लाख ओतू नका. फसवून विकल्याची तक्रार कंपनीकडे करा, दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे.

मला जास्त काळजी वेगळीच आहे. या पॉलिसीत तुमच्या जिवाचं संरक्षण आहे सहा लाख. चाळीस फूट खड्ड्यात उतरणारा कर्ता माणूस, मागे पाच-सहा जणांचं घर, आणि सहा लाख! पन्नास लाखांचा साधा मुदत विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा, तुमच्या वयाला वर्षाला दहा हजारांच्या आसपास पडतो. उत्पन्नाचा पुरावा मागतील, तो आधी जमवा. तो मिळेपर्यंत बँकेत जाऊन प्रधानमंत्री जीवनज्योती (वर्षाला 436 रुपये) आणि सुरक्षा विमा (वर्षाला 20 रुपये) तिघा भावांचे काढा. दोन्ही मिळून अपघाती मृत्यूला चार लाख मिळतात. विमा हातात येईपर्यंत कुणीही विहिरीत उतरू नका.

दागिने ठेवायचेच असतील तर विहिरीपुरतेच, अनुदानाचा निर्णय कळल्यावर आणि कमी रकमेवर. हप्त्याचे वाचलेले साठ हजार दरवर्षी त्याच कर्जात भरा. जागेसाठी पानाड्याला (जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्याला) पैसे देण्याआधी मे महिन्यात शेजारच्या चार विहिरींत पाणी किती फुटांवर आहे ते स्वतः दोर सोडून मोजा आणि मला कळवा.