ज्यांचं नाव लिहिणार नाही, त्यांना आधी सांगा

तुम्ही लिहिलंय की वय 68, यजमान गेले, बडोद्यात एकट्या राहता. मुलगा टोरांटोला, मुलगी नाशिकला, भाची हाकेच्या अंतरावर. उद्या शुद्ध हरपली तर दवाखान्यात तुमच्या वतीने निर्णय घ्यायला यांपैकी कोणाचं नाव लिहून द्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मुलगा की मुलगी, थोरलं की धाकटं हा हिशेब बाजूला ठेवा. डॉक्टरांना न बिचकता प्रश्न विचारेल, सांगितलेलं नीट समजून घेईल आणि स्वतःला काय वाटतं ते गिळून तुमच्या मनात काय होतं ते सांगेल, असं माणूस हवं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. ज्यांचा आपल्यावर फार जीव असतो ते नेमके तिथेच अडतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

माझी आत्या दांडिया बाजारात राहायची. तिने माझं, म्हणजे भाच्याचं, नाव लिहिलं. पोटच्या मुलीचं नाही. पण हे आम्हाला कागदावरून कळलं नाही. गौरी जेवणाच्या दिवशी सगळे घरात होते. पंगत उठल्यावर झोपाळ्यावर बसून तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "डॉक्टरांशी हा बोलेल." मग मुलीकडे वळून म्हणाली, "तुला जमणार नाही गं. तू मला सोडायला तयारच होणार नाहीस." ताई रडली, दोन दिवस आईशी बोलली नाही. पण बोलणं झालं होतं. आत्याने आणखी एक सांगून ठेवलं होतं: माणसं ओळखता आली पाहिजेत आणि घास आपल्या हाताने तोंडात घालता आला पाहिजे, एवढं होणार असेल तर वाटेल ते उपचार करा.

पुढे तिला पक्षाघाताचा मोठा झटका आला, मग न्यूमोनिया, मग किडन्या. आयसीयूच्या बाहेर डॉक्टरांनी डायलिसिसचं विचारलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "यातून उठली तर ती आम्हाला ओळखेल का? हाताने जेवेल का?" ते थोडं थांबून म्हणाले, तशी आशा नाही. मी ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "आईने सांगितलंय ना." ताई त्या दिवशी विरोधात उभी राहिली असती तर हातात कागद असूनही माझ्याने बोलवलं नसतं. म्हणून म्हणतो, ज्याचं नाव लिहाल त्याच्याशी बोलाच. पण ज्यांचं लिहिणार नाही त्यांना तुम्ही स्वतः, धडधाकट असताना, कारणासकट सांगा. ते काम मागे राहणाऱ्यावर टाकू नका.

आता कागदाचं. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 ला कॉमन कॉज खटल्यात लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे शुद्ध हरपली तर कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कोण बोलेल ते आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे फारसं कोणी त्या वाटेला जात नसे. जानेवारी 2023 मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून घ्यायचं. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत. एकापेक्षा जास्त नावं देता येतात. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत ते स्पष्ट लिहा; मोघम लिहिलेलं उपयोगाला येत नाही. प्रती नेमलेल्या माणसांना आणि नेहमीच्या डॉक्टरांना द्या. एक प्रत स्थानिक प्रशासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही द्यायची असते. पालिकेत चौकशी करून द्या आणि पोच घ्या. बडोद्यात डॉक्टर गुजराती भाषक असण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा कागद गुजरातीत किंवा इंग्रजीत करा.

नाव दिलं म्हणजे आपलं सगळं दुसऱ्याच्या हाती गेलं, ही भीती मनात असेल तर ती काढून टाका. तुम्ही शुद्धीवर आहात तोवर निर्णय तुमचाच. 2008 च्या समीरा कोहली खटल्यात भूल दिलेल्या सज्ञान मुलीच्या वतीने आईने शस्त्रक्रियेला दिलेली संमतीसुद्धा न्यायालयाने ग्राह्य धरली नाही, कारण मुलगी शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आणि शुद्ध गेल्यावरही एकट्या माणसाच्या शब्दावर उपचार बंद होत नाहीत. आधी हॉस्पिटलचं, मग दुसरं वैद्यकीय मंडळ तपासतं. दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं असतं.

बँकेसाठी केलेलं मुखत्यारपत्र इथे कामाचं नाही. देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं. मृत्युपत्र तर माणूस गेल्यावरच लागू होतं. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात प्रतिनिधी नेमायची वेगळी सोय आहे. ती याच्यात मिसळू नका.

तुमच्या तिघांना मी ओळखत नाही. तरी सांगतो: मुलगी शांत डोक्याची असेल तर पहिलं नाव तिचं, आणि ती नाशिकहून पोहोचेपर्यंत भाची हजर असेल म्हणून दुसरं भाचीचं. दोघींचं मत वेगळं पडलं तर कोणाचं चालेल तेही लिहा. मन बदललं तर लेखी रद्द करून नवा कागद करता येतो. शेवटची सही असलेला धरला जातो. पण जुन्या प्रती आठवणीने परत घ्या.

मुलाला मात्र नोटरीकडे जायच्या आधी फोन करा. टोरांटोत सकाळ असेल, त्याला घाई नसेल, अशी वेळ बघा. तो वाद घालेल, घालू द्या. त्याची उत्तरं आज फक्त तुम्हीच देऊ शकता.