फीट येते म्हणून फारकत?

प्रश्न : धाकट्या बहिणीला शाळेत असल्यापासून फीट येते. लग्न ठरवताना आम्ही ते सांगितलं नाही. सासर राजापूर तालुक्यात, नवरा मुंबईला कामाला. लग्नानंतर चार महिन्यांत सासरच्यांना कळलं, तरी पुढे दोन वर्षं नीट नांदली. यंदा शिमग्यात पालखीपुढे फीट आली आणि ‘हिला बाहेरचं आहे’ सुरू झालं. भगताकडे नेऊन मिरचीची धुरी दिली, गोळ्या बंद केल्या. आता तिला माहेरी आणून सोडलंय. स्टॅम्पपेपरवर फारकतीची सही द्या, नाहीतर फसवणुकीचा दावा लावू म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : सही मुळीच करू देऊ नका. तुमच्यात फारकतीची जुनी, कोर्टात सिद्ध होईल अशी रूढी नसेल, तर हिंदू विवाह फक्त कोर्टातच मोडतो. पण तो कागद पुढे ‘स्वखुशीने गेली’ म्हणून तिच्याच विरुद्ध दाखवतील.

आधी गोळ्या. त्या एकदम तोडल्या की झटके जोराने, एकामागोमाग येऊ शकतात आणि लोकांना तीच ‘बाधा’ वाटते. आजच डॉक्टरांकडे न्या. जुना डोस आपल्या मनाने सुरू करू नका, काही गोळ्या पुन्हा हळूहळू वाढवाव्या लागतात. त्याच वेळी दाखला मागा : ‘अपस्मार (फीट), मेंदूचा आजार, मानसिक आजार नाही, उपचार चालू.’ काही ठिकाणी फीटच्या गोळ्या मानसोपचार विभागातून मिळतात. त्या केसपेपरवरचा शिक्का दाखवून ‘वेडी आहे’ असा दावा होऊ शकतो, म्हणून हे शब्द हवेतच.

धमकीला घाबरू नका. आजार सांगायला हवा होता, हे खरंच. पण फसवणूक म्हणून लग्न रद्द करायचं तर ती कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो आणि कळल्यावर स्वखुशीने एकत्र राहिलेलं चालत नाही. इथे दोन्ही अटी मोडल्या आहेत. वारंवार येणाऱ्या अपस्माराचा हिंदू विवाह कायद्यातल्या विवाहाच्या अटींमधला उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने गेला. अपस्मार हा असाध्य आजार किंवा मनोविकार धरून घटस्फोट मिळत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही २०२३ मध्ये म्हटलं आहे.

आता पुढचं पाऊल तुम्ही उचला. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम १२ खाली अर्ज देवगडच्या मॅजिस्ट्रेट कोर्टातच करता येतो, कारण ती सध्या तिथे राहते. राजापूरला खेपा नकोत. त्यात सासरच्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षण, औषधोपचाराचा खर्च, पोटगी आणि स्त्रीधन परत, हे सगळं एकदम मागा. सोबत कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडा. ते राहिलं की महिने जातात. पोटगीसाठी दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं. असे अर्ज सर्वात जास्त रखडतात ते नोटीस न बजावल्याने : नवरा गावी सापडत नाही. म्हणून गावचा पत्ता, मुंबईच्या खोलीचा पत्ता, कामाचं ठिकाण आणि मोबाइल नंबर असे चारही द्या.

वकिलाचे पैसे लागणार नाहीत. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. देवगड कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत किंवा ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साध्या कागदावर अर्ज द्या. उत्पन्नाचा दाखला मागितला तर महिलेला तो लागत नाही, असं ठामपणे सांगा. १५१०० या हेल्पलाइनवरही मदत मिळते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले तालुक्याचे संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल विनामूल्य भरून देतात.

धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. ही तक्रार पोलिसांत वेगळी द्यावी लागते. डोळ्यांची जळजळ, अंगावरचे चटके-वळ यांची नोंद डॉक्टरांकडून लगेच करून घ्या. दोन आठवड्यांनी काही उरत नाही. नवऱ्यावर क्रौर्याचा गुन्हा मात्र लगेच नको, असं आमचं मत. तिला नांदायला परत जायचं आहे का, हे तिलाच एकटीला बसवून विचारा. भावाने परस्पर ठरवू नये.