गाळ्यात परमिट रूम येतेय. दाद कुठे मागायची?

या वेळच्या टपालात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बरीच पत्रं दारूच्या परवान्यांबद्दल आहेत. काही रहिवाशांची, काही हॉटेलवाल्यांची. सारख्या प्रश्नांचं एकच उत्तर दिलं आहे.

घोडबंदर रोडला आमच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्याच्या गाळ्यात परमिट रूम होणार असं कळलं. रस्त्यापलीकडे शाळा आहे. नगरसेवकांनी महापालिकेला पत्र दिलं, तर ‘हा विषय आमच्या अखत्यारीत नाही’ असं उत्तर आलं. मग कोणाच्या?
— एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, ठाणे

महापालिकेचं उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. दारूचा परवाना महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली मिळतो आणि त्याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. फाईल तयार होते राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे. परमिट रूमचा परवाना म्हणजे ‘एफएल-३’. विभागाचे निरीक्षक जागेवर येतात, नकाशा ताडून बघतात, अंतर मोजतात. तुमचा हरकतीचा अर्ज या टप्प्यावर फाईलला लागला तर उपयोग. परवाना हातात पडल्यावर तो रद्द करून घेणं फार जड जातं. म्हणून अर्ज जिल्हाधिकारी आणि अधीक्षक दोघांच्या नावे द्या आणि पोचपावतीवर आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं किंवा नगरसेवकांच्या पत्रात आलेलं फाईलमध्ये जाईलच याची खात्री नाही.

शाळा किंवा देवळापासूनच्या अंतराची अट महापालिका हद्दीत ७५ मीटरची आहे आणि सगळं अडतं ते मोजमापावर. लोक मोबाइलवरच्या नकाशात सरळ रेघ ओढतात, ‘५० मीटर’ लिहितात आणि हरकत पहिल्याच तपासणीत बाद होते. नियमाप्रमाणे बारच्या प्रवेशद्वाराच्या मध्यबिंदूपासून, पायी जाणारा माणूस एरवी ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने, शाळेच्या जवळच्या फाटकाच्या मध्यबिंदूपर्यंत मोजायचं. कंपाउंडची भिंत नसेल तर शाळेच्या दारापर्यंत. तुमच्या पत्रात ‘रस्त्यापलीकडे’ असा शब्द आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. मध्ये अखंड डिव्हायडर असेल तर वाट क्रॉसिंगवरून वळून जाते. सरळ रेषेत ४० मीटर दिसणारं अंतर सहज १०० च्या पुढे जातं. उलट डिव्हायडरला पादचाऱ्यांसाठी अधिकृत मोकळी जागा असेल तर तीच तुमची बाजू. ३० मीटरची फीत, दोन माणसं आणि खडू घ्या. फीत संपेल तिथे फुटपाथवर खूण करा, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. आकडा ७० ते ८० च्या मध्ये आला तर संयुक्त मोजणीची लेखी मागणी करा आणि त्या वेळी हजर राहा.

शाळा म्हणजे शासनाने किंवा स्थानिक संस्थेने चालवलेली वा मान्यता दिलेली शाळा, आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय. खासगी क्लास यात धरत नाहीत, मग त्यात कितीही मुलं येवोत. मान्यता नसलेल्या प्ले-ग्रुपचंही तेच. देवळाच्या बाबतीत सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी आहे का ते बघतात. कोपऱ्यावरचं, नोंदणी नसलेलं छोटं मंदिर हरकतीत लिहून फायदा नाही. शाळेचं मान्यतापत्र किंवा न्यासाच्या नोंदणीची प्रत जोडा.

‘हायवेपासून ५०० मीटर’ हा मुद्दाही सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश डिसेंबर २०१६ चा. महापालिका हद्दीतल्या परवान्यांना तो लागू नाही, हे जुलै २०१७ मध्ये स्पष्ट झालं.

आता उरलेलं अर्धं उत्तर. दारू महापालिकेच्या अखत्यारीत नसली तरी गाळा आहे. भोगवटा प्रमाणपत्रात तो गाळा दुकान म्हणून दाखवला आहे की उपाहारगृह म्हणून? पोटमाळा मंजूर आहे का? मागच्या मोकळ्या जागेत भटारखाना उभा राहतोय का? अग्निशमनाचा ना हरकत दाखला कोणत्या क्षेत्रफळाचा आहे? माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मंजूर नकाशाची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात करा. आमच्या मते अशा लढाईत ‘संस्कृती’वर लिहिलेल्या चार पानांपेक्षा या एका नकाशाला वजन जास्त.

गाळा तुमच्याच संस्थेच्या इमारतीत असता तर हाताशी आणखी एक साधन असू शकलं असतं. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवी बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान सुरू करायला संस्थेचं ना हरकत पत्र बंधनकारक राहील, अशी घोषणा सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत केली; परमिट रूमलाही ती लागू आहे का ते अधीक्षक कार्यालयात विचारून घ्या. असं पत्र एकट्या अध्यक्षांच्या सहीने जाऊ नये म्हणून तो विषय सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावरच ठेवायला शेजारच्या संस्थेला आजच सांगा.

खारघरसारखं आमच्या नोडमध्येही ‘दारू नको’ असं वातावरण आहे. महासभेने ठराव केला तर परवाने थांबतील का?
— एक वाचक, नवी मुंबई

ठरावाने दबाव येतो, बंदी येत नाही. खारघरच्या रहिवाशांनी दारूबंदीची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आहे, तरी परवान्याची सही शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचीच असते. इथे एक गल्लत नेहमी होते. ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, त्याचा अर्ज ठाण्याला. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल रायगड जिल्ह्यात येतात, त्यामुळे फाईल अलिबागला. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे नवी मुंबईचंच. चुकीच्या जिल्ह्यात दिलेला अर्ज फिरून योग्य टेबलावर येईपर्यंत निर्णय होऊन गेलेला असतो.

कायद्याने बळ आहे ते मतदानाला. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशानुसार वॉर्डातल्या एकूण मतदारांपैकी किंवा फक्त महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी लेखी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली (दारू चालू) आणि आडवी बाटली (दारू बंद). बाटली आडवी करायला यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात; झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत.

हिशेब करून बघा. वॉर्डात समजा ४०,००० मतदार आहेत, त्यात १९,००० महिला. सगळ्यांच्या नावे मागणी केली तर १०,००० सह्या आणि २०,००१ मतं हवीत. फक्त महिलांच्या नावे केली तर ४,७५० सह्या आणि ९,५०१ मतं. मतदानाला ९,००० बायका आल्या आणि एकजात सगळ्यांनी बाटली आडवी केली, तरी ती उभीच राहिली असं धरतात. महापालिकांत चार-चार नगरसेवकांचे मोठे प्रभाग झाल्यापासून हे गणित आणखी अवघड झालंय. गावात जे एका रविवारात होतं, ते इथे महिनाभर घरोघर फिरल्याशिवाय होत नाही.

सह्या बाद होतात त्या ठरलेल्या कारणांनी: घर बदललेल्या भाडेकरूचं नाव, एकाच हाताने केलेल्या चार सह्या, यादीतला क्रमांकच न लिहिणं. ताजी मतदार यादी घेऊन प्रत्येक सहीपुढे भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा आणि गळतीचा अंदाज धरून हजारभर सह्या जास्तीच्या घ्या. मतदानाच्या निकषांवर मार्च २०२५ मध्ये विधानसभेत चर्चा झाली होती, म्हणून मोहीम सुरू करण्याआधी लागू आदेशाची प्रत अधीक्षक कार्यालयातून मागून घ्या.

नेरूळला आमचं शाकाहारी-मांसाहारी रेस्टॉरंट आहे. परमिट रूम करायची आहे. एजंट म्हणतो सगळं ‘होऊन जाईल’. कुठे अडतं?
— एक हॉटेलचालक

जागेच्या कागदांवर अडतं. नवी मुंबईत बहुतेक भूखंड सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहेत, तेव्हा करारातला वापर आणि भोगवटा प्रमाणपत्रातला वापर जुळतो का ते आधी बघा. जुळत नसेल तर पुढच्या कागदांवर पैसे घालू नका. त्यानंतर महापालिकेचा व्यवसाय परवाना, अन्न परवाना, अग्निशमन. उत्पादन शुल्कचा अर्ज सगळ्यात शेवटी.

अर्जासोबतच्या नकाशात ग्राहक बसण्याची जागा, साठ्याची खोली आणि भटारखाना आखलेला असतो. दारू त्या रेषेच्या आतच द्यायची. बाहेरच्या ओट्यावर चार टेबलं किंवा पावसाळी शेडखाली ‘फॅमिली सेक्शन’ टाकला की तो परवान्याच्या अटींचा भंग होतो, आणि महापालिकेच्या लेखी अतिक्रमण. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ जणांचा जीव गेला. तेव्हापासून गच्चीवरची शेड पहिल्यांदा डोळ्यात येते. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा ‘नमुना ब’ दर जानेवारी आणि जुलैत भरावा लागतो. तो राहून जातो, कारण परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असल्याने सगळ्यांचं लक्ष मार्चवर असतं.

सुरू झाल्यावरचे खटले बहुतेक साध्या गोष्टींचे. नोंदवहीतला आणि फडताळातला साठा जुळत नाही. खरेदीचं बिल किंवा वाहतूक पास जागेवर सापडत नाही. नवा वेटर ठेवला पण त्याचा नोकरनामा, म्हणजे परवान्याच्या जागी त्याला कामाला ठेवायची उत्पादन शुल्कची मंजुरी, घेतला नाही. नोंदवही रोज रात्री गल्ला मोजताना लिहा. सकाळवर टाकली की ती आठवड्यावर जाते.

कोपरीत घराखालच्या बारमधलं गाणं रात्री दीडपर्यंत चालतं. विचारलं तर ‘आमचा दीडपर्यंतचा परवाना आहे’ म्हणतात.

दीडपर्यंतची वेळ पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परमिट रूमला आहे, हे खरं. पण ती दारूची वेळ, आवाजाची नव्हे. रात्री १० ते सकाळी ६ मध्ये निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, व्यापारी भागाची ५५. बंद हॉलमध्ये वाजवलं तरी खासगी जागेच्या सीमेवरचा आवाज या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. ११२ ला फोन करा, तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवा. असे पाच-सहा क्रमांक तारीखवार जमले की एकाच अर्जात पोलीस ठाणं आणि उत्पादन शुल्क अधीक्षक दोघांना द्या. उत्पादन शुल्कचा टोल फ्री क्रमांक १८००-८३३-३३३३ आहे.

आमच्या धाब्यावर गिऱ्हाईक स्वतःची बाटली घेऊन येतं. आम्ही फक्त ग्लास आणि सोडा देतो. यात गुन्हा काय?

आहे. परवाना नसलेल्या जागी पिऊ देणं हा कलम ६८ खाली मालकाचा गुन्हा, आणि तिथे पिताना सापडणं हा कलम ८४ खाली गिऱ्हाइकाचा. बाटली कोणी आणली याने फरक पडत नाही. छाप्यात टेबलावरचे तुमचे ग्लास जप्त होतात आणि पुरावा म्हणून तेच पुढे येतात.

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ३१ डिसेंबरची पार्टी आहे. परवानगी लागते का?

दारू द्यायची असेल तर उत्पादन शुल्कचा एका दिवसाचा परवाना लागतो. अर्ज ऑनलाइन होतो. शेवटच्या दोन दिवसांवर टाकू नका. बिअर आणि वाईनसाठी २१ वर्षं पूर्ण हवीत, बाकी दारूसाठी २५. कॉलेजातल्या मुलांची यादी आधीच वेगळी काढून ठेवा.