मुंबई–लंडन: 7,200 किलोमीटरला दहा तास का?

तुम्ही विचारलंत: 7,200 किलोमीटर भागिले विमानाचा ताशी 900 किलोमीटरचा वेग म्हणजे आठ तास, मग तिकिटावर दहा कसे? आणि आई-बाबांना लंडनला थेट पाठवावं की दुबईमार्गे? तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: किलोमीटर बाजूला ठेवा, घड्याळ बघा.

7,200 हे पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजलेलं अंतर. ती दोरी पाकिस्तान, इराण, कास्पियन समुद्र, युक्रेन अशी जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. तेव्हा आपल्या कंपन्यांना अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने वळसा घ्यावा लागला.

दुसरं कारण वारा, आणि माझ्या मते लोक सगळ्यात जास्त विसरतात ते हेच. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी 150 किलोमीटर वेग तिथे नेहमीचा, हिवाळ्यात त्याहूनही जास्त. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जायला साधारण दहा तास आणि यायला नऊच्या आसपास. विमान तेच, वेगही तोच, पण जमिनीच्या हिशोबात फरक पडतो.

शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रांग लागते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की उतरण्याआधी विमानं घिरट्या घालत थांबतात. कंपन्या हे सगळं आधीच धरून वेळापत्रक लावतात.

घरी पोचायची वेळ काढताना एक जपा. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाच. मुंबईहून दुपारी दोनला निघालेलं दहा तासांचं विमान जुलैत तिथल्या साडेसातला पोचेल, जानेवारीत साडेसहाला.

आता दुबई. मुंबई–दुबई सुमारे 1,930 किलोमीटर आणि दुबई–लंडन सुमारे 5,480, म्हणजे थेट अंतरापेक्षा जेमतेम 200 जास्त. अंतराने काहीच बिघडत नाही, वेळ जाते ती मधल्या थांब्यात: पुन्हा सुरक्षा तपासणी, लांबलचक चालणं, दुसरं गेट शोधणं. पंचविशीतल्या मुलाला मी बिनदिक्कत दुबईमार्गे जायला सांगेन. पण सत्तरीतल्या, पहिल्यांदाच निघालेल्या आई-बाबांसाठी चार पैसे जास्त गेले तरी थेट विमानच घ्या. आणि बुकिंग करतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागून ठेवा, म्हणजे हीथ्रोवर उतरल्यापासून इमिग्रेशन पार होईपर्यंत माणूस सोबत मिळतो.