सासूबाईंचा उपास वेगळा, लेकीचा वेगळा

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. मुलगी १४ वर्षांची, नववीत, खो-खो खेळते, सोमवार गुरुवार संकष्टी असे उपास तिने स्वतःच धरलेत, दूध बंद कारण पिंपल्स येतात म्हणे, आणि आता नडगीच्या हाडाला हेअरलाइन फ्रॅक्चर. आणि अगदी शेवटी, ता.क. लिहावा तसं, "चार महिने पाळी पण नाहीये, या वयात होतं ना मागेपुढे?" अगं तेच तर पहिल्या ओळीत लिहायचं होतंस!

सासूबाई म्हणतात आम्ही जन्मभर उपास केले, आमची कुठे हाडं मोडली. पण त्यांचा उपास आठव की जरा, भगर, दाण्याची आमटी, रताळं, केळी, वर कपभर दूध, आणि संध्याकाळी सोडायला वरणभात तूप. एकादशी आणि दुप्पट खाशी! तुझ्या लेकीचा उपास तूच लिहिलायस, सकाळी ब्लॅक कॉफी, दुपारी चार घास साबुदाणा (म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रोटीन नावालाच), रात्री "भूक नाही". बाकीच्या दिवशी पण अर्धी पोळी, आणि त्यावर रोज दोन तास प्रॅक्टिस.

चांगलं जेवणाऱ्या मुलीने महिन्यातून एखादा उपास केला तर हाडांचं काही बिघडत नाही, ते टेन्शन घेऊ नकोस. पण रोजच कमी पडत असेल तर शरीर आधी जीव सांभाळतं, वाढ आणि पाळी नंतर बघू म्हणतं. वाढीला लागणारा आयजीएफ-१ हार्मोन उतरतो, पाळीचं हार्मोन इस्ट्रोजेन उतरतं, हाडांच्या टोकांना जी कूर्चा असते, जिथून उंची वाढते, ती थंडावते, आणि जुनं हाड झिजतं तेवढं नवीन भरून येत नाही. आणि हे नेमकं कुठल्या वयात, तर मोठेपणीच्या एकूण हाडातला साधारण चौथा हिस्सा उंची झपाट्याने वाढते त्या दोनेक वर्षांत भरला जातो, मुलींमध्ये हाड भरण्याचा वेग साडेबाराच्या आसपास सगळ्यात जास्त, १८-२० पर्यंत ९० टक्के काम उरकलेलं. म्हणजे कणगी भरायचा हंगाम चालू आहे आणि ही बाई उपाशी! पोटभर खायला लागली की उंची बऱ्याचदा भरून निघते, हाडांच्या घट्टपणाचं मात्र तसं सांगता येत नाही, म्हणून मी घाई करतेय.

तर प्लास्टर घातलं, विषय संपला असं करू नकोस. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ गाठ आणि पाळी, फ्रॅक्चर, जेवण हे तिन्ही एकत्र सांग, नाहीतर प्रत्येक डॉक्टर आपापला तुकडा बघतो. हिमोग्लोबिन, थायरॉईड, व्हिटॅमिन डी ते बघतीलच. तोवर धावणं बंद. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागवू नकोस, पोटातच पुरेसं जात नसेल तर त्या एकट्या काय करणार.

१३ ते १५ वयाला आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद गं) हिशोबाने दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. मोठा ग्लासभर दुधात अडीचशेच्या आसपास मिळतं, नाचणीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत पावणेदोनशे. दूध नको तर दही ताक चालेल, तीळ-खोबऱ्याची चटणी कर, आणि उपास करायचाच असेल तर राजगिरा, दाणे, दही घेऊनच, सध्या मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत एकही नको. देवाला चालतं, हे सासूबाईंच्या तोंडून गेलं तर ती ऐकेल, तुझ्या तोंडून नाही.

आणि एक, तिच्याशी एकटीनेच बोल, ओरडू नकोस. उपास नक्की कधी सुरू झाले, त्याच सुमारास कोणी "जाड झालीस" म्हणालं होतं का, वजनकाट्यावर दिवसातून किती वेळा चढते. मला तरी हा उपास देवाचा कमी आणि काट्याचा जास्त वाटतोय, आणि तसं निघालं तर समुपदेशकाची मदत लागेल, त्यात लाजायचं काही नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते लिही, आणि पाळी आली की कळव, महिन्याभराने का होईना.

— मावशी